डाव्या डोळ्याची रायफल

सलाउद्दीन मिस्त्रीला उजव्या डोळ्यानं दिसत नसे, आणि नाशकातल्या निम्म्या बंदूकवाल्यांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. पंधराव्या वर्षी बापाच्या, म्हणजे खाजा मिस्त्रीच्या दुकानात ठासणीची बंदूक साफ करताना दारूची टोपी उडाली आणि ठिणगी थेट बुबुळात गेली. खाजा मिस्त्रीनं चार दिवस कपाळावर हात मारून घेतला. पाचव्या दिवशी पोराच्या हातात कानस दिली आणि म्हणाला, "नेम धरताना माणूस एक डोळा मिटतोच. तुझा अल्लानं आधीच मिटून दिलाय. चल, कामाला लाग."

तो जो कामाला लागला तो चाळिशी उलटली तरी दूधबाजाराजवळच्या त्याच दुकानात, त्याच फळीवर बसून होता. इनामदारांच्या दुनळ्या, देवळाली कॅम्पातल्या साहेबांच्या रायफली, जंगलखात्याच्या रखवालदारांच्या गंजक्या नळ्या, सगळ्या त्याच्या हाताखालून जात. नवी बंदूक घ्यायची तर लोक आधी सलाउद्दीनला विचारत. पोरीला स्थळ बघताना जे दहा मिनिटं विचार करत नसत, ते बंदुकीपायी दोन-दोन तास त्याच्या पायरीवर बसून राहत.

स्वतःची म्हणावी अशी बंदूक मात्र त्याच्याकडे कधीच नव्हती. त्याचा परवाना दुरुस्तीचा. आलेली बंदूक नोंदवावी, दुरुस्त करावी, धन्याला परत द्यावी. दुकानाबाहेर ती खांद्याला लावायची सोय नाही. आयुष्यभर हलवायाच्या दुकानात बसून एक पेढा तोंडात टाकायची मुभा नसावी, असला हा प्रकार. सलाउद्दीन त्याबद्दल कधी बोलत नसे. बायकोला, हमीदाला, मात्र माहीत होतं. दुरुस्त झालेली चांगली रायफल परत जायची त्या दिवशी हा माणूस जेवताना भाकरीकडे बघायचा नाही.

सन चौतीस साली त्याच्या पायरीवर खंडेराव येऊन बसला.

खंडेराव मखमलाबादचा. पेरूचा मोठा मळा, शिवाय झेंडूचं वावर. रामाच्या रथाला झेंडूच्या माळा द्यायचा मान त्याच्या घराण्याकडे होता, आणि त्या मानाची त्याला इतकी घमेंड की बारा महिने त्याची मान रथाच्या दिवशी असावी तशी ताठ. पण सलाउद्दीनपुढे तो ताठ नसे. दोघं एकाच तालमीतले. विशीत एकमेकांना आखाड्यात लोळवलेलं, एकाच तांब्यातून बदामाची थंडाई प्यालेले. लोकांत 'मिस्तरी' आणि 'खंडेराव'. दोघंच असले की 'सल्ल्या' आणि 'खंड्या'.

"सल्ल्या, खारींनी माझा जीव खाल्ला बघ," खंडेराव म्हणाला. "पेरू पिकायला लागला की वरचा गर खात्यात आन् बाकीचा खाली टाकून देत्यात. एका खारीचं पोट भराया दहा फळं लागत्यात व्हय? डबे वाजवले, गोफण फिरवली. कायबी उपेग नाय."

"मग मार."

खंडेरावनं आधी आजूबाजूला बघितलं. "आरं, मी कसा मारू? तिच्या पाठीवर रामाची बोटं हायेत. माझी आई तुळशीजवळ खारीला दाणे टाकती. आन् रथाला माळ कुणाची? माझी!"

नाशिकच्या परिसरात याहून अधिक समजावून सांगायची गरज नाही. सेतूसाठी वाळू वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामानं हात फिरवला, ही गोष्ट तिथलं पोर बोलायच्या आधी शिकतं. पेरूवाला खारीला शिव्या देतो, हाकलतो, पण मारत नाही. निदान मारतो असं म्हणत नाही.

"तू मार," खंडेराव म्हणाला. "परवाना मी काढतो, माकडं आन् डुकरं हाकलायचा म्हणून. बंदूक तू निवड. परवान्यात चाकरांची नावं घालायचा रकाना असतो ना? त्यात तुझं नाव घालतो. मग तू ती खांद्यावर टाकून मळ्यात फिर, कोन तुला अडवतो बघू. कागदावर माझी, पण हाय तुझीच."

सलाउद्दीनच्या हातातली कानस थांबली. "खंड्या, थट्टा करू नकोस."

खंडेराव उठला. तालीम गल्लीच्या टोकालाच होती. तिथून आखाड्याची चिमूटभर माती घेऊन आला, कपाळाला लावली, उरलेली सलाउद्दीनच्या कपाळाला लावली. "मातीची आन," म्हणाला.

त्या तालमीत मातीची आण घेतल्यावर पुढं प्रश्न विचारायचा नसतो. तिथं कुस्ती सोडवायला पंच लागला असेल, पण आण खरी की खोटी ते बघायला कधी कुणी लागला नव्हता.

पुढल्या महिन्यात देवळालीला एक साहेब विलायतेला परत चालला होता आणि त्याच्या सामानाचा लिलाव निघाला. खुर्च्या, पलंग, ग्रामोफोन आणि तीन रायफली. तिन्ही पॉइंट टू-टूच्या, म्हणजे बारक्या गोळीच्या. मोठ्या रायफलीनं खार मारली तर हाती नुसती शेपटी यायची.

खंडेरावला बघताक्षणी आवडली ती अमेरिकन. एकदा भरली की पंधरा गोळ्या सुटतात, पितळेची पट्टी, सगळा नवरदेवाचा थाट. सलाउद्दीननं ती उचलून परत ठेवली. "हिच्यात पंधरा गोळ्या आहेत म्हणून माणूस पहिली नीट मारत नाही," एवढंच म्हणाला. दुसरी जर्मन, जड, सुबक. तिचं चेंबर, म्हणजे गोळी बसायचा खण, उघडून त्यानं मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं, नखावर उजेड घेतला आणि पुढून नळीत डावा डोळा लावला. साहेबाच्या नोकरानं सफाईचा गज घालून घालून नळीच्या तोंडाचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, पार झिजवल्या होत्या. "चेहरा राजाचा आणि गळा बसलेला," तो म्हणाला आणि तीही ठेवली.

तिसरीकडे कुणी बघत नव्हतं. एकनळी, एका वेळी एकच गोळी, साधा अक्रोडाचा दस्ता, त्यावर कुणा पोरट्यानं चाकूनं कोरलेली रेघ. साहेबाच्या मुलानं नेमबाजी शिकायला वापरलेली असणार. सलाउद्दीननं नख लावून नळीत बघितलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. आतले आटे लख्ख होते, तळापासून तोंडापर्यंत एकसारखे फिरत गेलेले. त्यानं नळी मागून बंद करणारा बोल्ट मुठीनं मागं ओढून पुढं ढकलला, आवाज ऐकला, परत ओढला. चाप बोटाखाली आला आणि काहीही न हलता, न कुरकुरता सुटला. त्यानं ती डाव्या खांद्याला लावली. तिथं उभ्या असलेल्या लोकांना एक काळासावळा मिस्त्री एक जुनी बंदूक उचलून बघताना दिसला. पण सलाउद्दीननं ती परत ठेवली नाही, तशीच खंडेरावपुढं धरली.

"ही?" खंडेराव नाक मुरडून म्हणाला. "ही तर पोरांची."

"खारीच्या डोक्याएवढी जागा असते, खंड्या. पहिली गोळी चुकली की खार गेली. हिच्यात दुसरी गोळीच नाही, म्हणून ही चुकायची नाही."

"घे बाबा. चालवनार तूच. तुझ्या डोळ्याला बसव."

आणि त्यानं बसवली. परवाना येईपर्यंत दुकानाच्या नोंदवहीत रीतसर लिहून महिनाभर तो दस्त्यावर काम करत होता. उजव्या अंगाला शिसवीची फळी चिकटवून त्यानं आपल्या डाव्या गालासाठी उंचवटा घडवला. डाव्या खांद्याला लावून गाल टेकला की डोळा आपोआप ओळीत यावा असा दस्ता घासला. नळीच्या टोकावरची नेमाची माशी केसभर सरकवली. मग जवसाच्या तेलाचे अकरा हात. हमीदा म्हणाली, "अजी, पोरीच्या लग्नातला पलंगसुद्धा तुम्ही इतका घासला नव्हता." तो हसला. आपली पोरगी ताहेरा सासरी मालेगावला सुखात आहे, आता ही दुसरी, असं काहीतरी म्हणाला.

परवाना आला तेव्हा खंडेराव तो दाखवायला दुकानात घेऊन आला. सगळा इंग्रजीत. सलाउद्दीनला उर्दू यायची, मराठी चाचपडत वाचायचा, इंग्रजीचं नाव नको. खंडेरावनं मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. तुझं नाव."

सलाउद्दीननं ती ओळ नीट बघितली. चांगली लांबलचक होती, त्याच्या नावाएवढी. त्यानं काळ्या बोटाचा डाग पडू नये म्हणून हात आधी धोतराच्या चिंधीला पुसला आणि मग त्या अक्षरांवरून फिरवला.

रात्री जेवताना हमीदा म्हणाली, "कुणाकडून तरी वाचून तर घ्यायचं."

"मातीची आण घेतलेल्या माणसाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊ? मग आणखी काय राहिलं?"

तो हिवाळा सलाउद्दीनच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हिवाळा. पहाटे फजरची नमाज झाली की सायकलीवरून मखमलाबाद. मळ्यातल्या खोपीतून रायफल घ्यायची, पेरूच्या झाडाखाली पोतं अंथरून बसायचं. धुकं वर जाईपर्यंत खार उतरत नाही. मग एक शेपटी दिसते, मग कान. तो डोक्यावरच नेम धरायचा. डोकं दिसलं नाही तर गोळी झाडायचीच नाही, मग सबंध सकाळ वाया गेली तरी चालेल. जनावर तडफडलं तर मिस्त्रीची लाज गेली, असा त्याचा हिशेब. दिवसाला दोन, कधी तीन. मेलेली खार तिथल्या तिथं झाडाच्या बुंध्याशी पुरायची, खंडेरावच्या आईच्या नजरेला पडता कामा नये. ती आई म्हणजे नवसाबाई. तालमीच्या दिवसांत तिनं या दोघांना एका चुलीपुढं बसवून भाकऱ्या घातलेल्या. आताही ती मळ्यात आली की "सल्लाउद्दीन, च्या पिऊन जा रं," म्हणायची आणि तो पिऊन जायचा.

एकदा त्यानं विचारलं होतं, "खंड्या, बंदूक माझ्या खांद्यावर असते तेव्हा तो कागद माझ्यापाशी नको का?"

"पेटीत हाय नीट. हितं मळ्यात कोन बघतंय?" खंडेराव म्हणाला. तेही पटलं.

माघ संपता संपता एक दिवस सलाउद्दीन आजारी होता, मळ्यात गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मखमलाबादहून निरोप आला, मारुतीच्या पारावर बोलावलंय. तो तापाच्याच अंगानं सायकल मारत गेला. पारावर पंधरा-वीस माणसं होती. मधोमध पेरूच्या पानांवर एक खार ठेवलेली. आदल्या दिवशी सकाळी ती रक्त गाळत, मागचे पाय फरफटत अंगणात आली होती आणि नवसाबाईच्या तुळशीपाशी, तिच्या दाण्यांच्या वाटीजवळ, दोन तास तडफडून मेली होती. म्हातारी तेव्हापासून पाण्याच्या थेंबाला शिवली नव्हती. ती खांबाला टेकून बसली होती. खंडेराव तिच्या शेजारी उभा होता, जमिनीकडे बघत.

बोलणारा माणूस म्हणजे सावळीराम, भजनाचा म्होरक्या, गावात शब्दाला वजन असलेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "मिस्तरी, तुमी वाईट मानूस नाय, आमाला ठावं हाय. बंदूक तुमच्या हातात दिसती. ही तुमी मारली का, आन् मारली तर कुनाच्या सांगन्यावरनं, येवढंच बोला."

सलाउद्दीननं वाकून खार पालथी केली. गोळी पोटात होती. मागं, मांडीच्या जवळ.  ही गोळी उजव्या खांद्यावरून सुटलेली होती. डाव्यासाठी घडवलेल्या दस्त्यावर कुणीतरी उजवा गाल दाबायला बघितला, गालाला जागा मिळाली नाही, नेम सरकला. त्या खोपीची किल्ली दोघांकडेच होती. काल तो स्वतः अंथरुणात होता.

त्यानं मान वर करून खंडेरावकडे बघितलं. खंडेरावनं नजर दिली नाही.

त्या घटकेला सलाउद्दीनला एवढंच दिसलं, की हा खरं बोलला तर याच्या दारातून रथाच्या माळा जातील, आणि ही म्हातारी पोराचं तोंड बघणार नाही. आपलं काय जाणार? आपण मुसलमान माणूस, खारीची आपल्याला शपथ नाही, आणि कागदावर नाव आहे. "माकडं हाकलायला बंदूक मीच त्याला दिली" एवढं खंड्या म्हणाला की दोघांचंही निभावेल. असा सगळा सरळ विचार त्या सरळ माणसानं तापलेल्या डोक्यानं केला.

"मी मारली," तो म्हणाला.

नवसाबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. ते त्याला गोळीसारखं लागलं, पण तो खंडेरावच्या बोलण्याची वाट बघत राहिला.

खंडेराव बोलला. "मी बंदूक मिस्तरीकडं नीट कराया दिली व्हती. माकडं हाकलाया घेतलेली. खारी माराया मी कसा सांगीन? रामाच्या रथाला माळ घालनारा मानूस मी. त्यानं परस्पर काय केलं ते मला ठावं नाय."

 सलाउद्दीनला वाटलं ताप चढलाय. मग तो म्हणाला, "परस्पर कसं? परवान्यात माझं नाव आहे. कागद आणा."

हे त्यानं किती भरवशानं म्हटलं! एखादा माणूस स्वतःच्या घराचा पत्ता सांगतो तसं. कागद आणला गेला. गावात इंग्रजी येणारा एकच, शाळेचे चिमाजी मास्तर. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं.

"चाकरांच्या रकान्यात तर कुणाचंच नाव नाही," मास्तर म्हणाले. "नुसती रेघ मारलीय."

"ही. ही ओळ," सलाउद्दीननं बोट ठेवलं. त्याच जागी. ती जागा तो डोळे मिटूनही सांगू शकला असता.

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मिस्त्री, इथं गावाचं नाव आहे. मखमलाबाद लिहिलंय."

सलाउद्दीननं कागदावरचं बोट उचललं. पोटातल्या गोळीबद्दल तो बोलला नाही, आदल्या दिवशीच्या तापाबद्दल बोलला नाही. आता बोलून ऐकणार कोण, आणि ऐकलं तरी त्याला परत काय मिळणार? त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपण त्या गावाच्या नावावरून हात पुसून बोट फिरवलं होतं आणि हा माणूस समोर बसून ते बघत होता.

पुढचं सरकारी रीतीनं झालं. कुणीतरी चौकीवर कळवलं. दुसऱ्याची बंदूक परवान्यात नाव नसताना बाहेर बाळगली म्हणून दंड झाला, तो हमीदानं पाटल्या मोडून भरला. पण दंडाचं काही नाही. दुरुस्तीचा परवाना गेला. बापाचा आणि त्याचा मिळून पन्नास वर्षांचा धंदा एका दुपारी बंद झाला. फौजदारानं दुकानातल्या बंदुका मोजून नेल्या, तेव्हा सलाउद्दीन एकेक पुसून त्याच्या हाती देत होता. रथाच्या दिवशी, चैत्रात, रस्ता भरून झेंडूच्या माळा गेल्या. त्यानं त्या दिवशी दुकानाच्या फळ्या उघडल्या नाहीत.

दोन वर्षं गेली. दुकान तेच, पण आता तिथं स्टो, कुलपं आणि शिवणाची यंत्रं येत. सलाउद्दीन स्टोच्या पिना तितक्याच मन लावून बदलायचा. बंदुकीबद्दल कुणी विचारलं तर "माहीत नाही," म्हणायचा. नाशकातल्या सगळ्यात जाणत्या माणसाच्या तोंडी ते वाक्य ऐकून लोक ओशाळायचे.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी खंडेराव आला. काखेत धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. तो पायरीवर बसला, इकडचं तिकडचं बोलला, नवसाबाई गेल्या वर्षी वारली ते बोलला. सलाउद्दीन रॉकेलच्या डब्यात हात घालून स्टोचं बर्नर धूत होता. म्हातारीचं ऐकून त्याचे हात जरा थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"सल्ल्या, तेव्हा माझा नाइलाज झाला रं," खंडेराव अखेर म्हणाला. "कारकून म्हनला, चाकराचं नाव घातलं तर पोलिसाची चौकशी व्हनार, परवाना सा महिने लांबनार. म्हनलं पुढल्या साली घालू. तुला वाईट वाटंल म्हनून सांगितलं नाय. आन् पारावर... आई समोर व्हती."

सलाउद्दीननं बर्नर फुंकून बघितलं.

खंडेरावनं धोतर सोडलं आणि रायफल फळीवर आडवी ठेवली. सलाउद्दीनच्या नजरेला पहिल्यांदा दस्ता पडला. उजव्या अंगाचा उंचवटा कुणीतरी सुताराच्या रंध्यानं तासून काढला होता. अकरा हात तेल प्यालेली शिसवी गेली होती आणि तिथं पांढरं, खरबरीत लाकूड उघडं पडलं होतं. परवाना गेला तेव्हा त्याला रडू आलं नव्हतं. आता डोळे भरून आले, दोन्ही. मेलेल्या डोळ्यालाही पाणी येतं, हे खंडेरावनं बघितलं की नाही कोण जाणे.

"गोळी बाजूला जाती," तो म्हणत होता. "खारी लय मातल्यात. आता पहाटं मीच बसतो, आई नाय बघाया. पन दहातली एक लागती, तीबी अर्धी. नुसती माशी सरकव जरा. तुझ्या हाताला दोन मिन्टं."

"तिच्यात काही बिघाड नाही."

"मग?"

"तुमच्यासाठी निवडलेलीच नव्हती ती, खंडेराव."

तुमच्या, खंडेराव! आयुष्यात पहिल्यांदा, दोघंच असताना. खंडेराव ओशाळं हसला, मागं वळून गल्लीत नजर टाकली, मग पुढं सरकून हलकेच म्हणाला, "आसं काय करतो? सरकव ना. हितं कोन बघतंय?"

सलाउद्दीननं डब्यातून हात वर काढले. रायफल त्याच्यापासून वीतभर अंतरावर होती. बोल्टच्या मुठीवर धूळ बसली होती आणि ती पुसायला त्याची बोटं शिवशिवत होती. त्यानं हात मागं घेतले आणि मांडीवरच्या चिंधीत गुंडाळून धरले.

"मला हात लावता येत नाही," तो म्हणाला. "परवान्यात माझं नाव नाही."

 खंडेरावनं रायफल गुंडाळली आणि पायरी उतरून गेला.

आतून हमीदानं विचारलं, "कोण होतं?"

"गिऱ्हाईक होतं," सलाउद्दीन म्हणाला आणि त्यानं दुसरा स्टो पुढं ओढला. "दुकान चुकलं होतं."